बंदुकीसमोरचा रिकामा हात

उन्हाळ्याची सुट्टी लागली की ग्वाल्हेरात शाळकरी मुलींसाठी स्वसंरक्षणाची शिबिरे भरतात आणि समारोपाला पालकांसमोर एक प्रात्यक्षिक हमखास होते. प्रशिक्षकांचा मदतनीस प्लॅस्टिकचे पिस्तूल मुलीच्या कपाळावर रोखतो, मुलगी मान बाजूला काढून त्याचे मनगट धरते, एक पीळ देते आणि पुढच्या क्षणी पिस्तूल तिच्या हातात असते. टाळ्या पडतात. यंदा शहराच्या लश्कर भागातल्या अशाच एका समारोपानंतर पालकांमध्ये वाद पेटला आणि पुढे कित्येक दिवस आमच्या ओळखीच्या मराठी घरांतून तो चालू राहिला. एका बाजूचे म्हणणे असे की, हे तंत्र शंभर टक्के चालते, ते सैन्यात शिकवतात, मग आपल्या मुलींना का शिकवू नये? दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, हे सारे थोतांड आहे, बंदुकीपुढे हात चालवणारा मरतोच, त्यापेक्षा मुकाट्याने पाकीट काढून द्यावे. चालते की चालत नाही, याखेरीज तिसरा प्रश्न कोणी विचारला नाही आणि मला वाटते, वाद बिघडला तो तिथेच.

मी २२ वर्षे संध्याकाळी तालमीत ज्यूदो शिकवतो, म्हणून या विषयावर गप्प बसणे मला बरोबर वाटत नाही. माझे मत असे आहे की, हाताच्या टप्प्यात आलेले शस्त्र वळवून हिसकावण्याचे तंत्र खरे आहे आणि ज्याने ते वर्षानुवर्षे घोटले आहे त्याच्या हातून ते साधू शकते. पण ज्या प्रसंगाचे ते उत्तर आहे तो प्रसंग आपल्या मुलांवर क्वचितच येईल, आणि ज्या प्रसंगांत आपल्याकडे माणसे गोळीने मरतात त्यांना ते लागूच पडत नाही. चार दिवसांच्या शिबिरात ते शिकवणे म्हणजे मुलांच्या हाती अर्धवट धैर्य देणे आहे, आणि अर्धवट धैर्य निखळ भीतीपेक्षा अधिक घातक ठरू शकते.

तंत्राच्या बाजूने जे सांगितले जाते त्यातले खरे तेवढे आधी मान्य केले पाहिजे. डोळ्यांनी पाहिलेल्या हालचालीला प्रतिसाद द्यायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, आणि शस्त्र रोखणारा बोलत असेल, धमकावत असेल, त्याचे लक्ष पैशांकडे असेल, तर त्याहूनही अधिक. पिस्तूल छातीपासून हातभर अंतरावर असेल आणि पहिली हालचाल बचाव करणाऱ्याने केली, तर नळीच्या रेषेतून शरीर बाजूला काढायला तेवढा वेळ पुरू शकतो. शांघायच्या पोलीस दलात काम केलेल्या विल्यम फेअरबर्न यांनी दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कमांडोंना हेच शिकवले, आणि इमी लिक्टेनफेल्ड यांनी घडवलेल्या क्राव मागा या इस्रायली स्वसंरक्षण पद्धतीमध्येही हेच तत्त्व आहे. पिस्तुलाची रचनाही थोडी मदत करते. गोळी सुटताना वरची स्लाइड, म्हणजे मागे-पुढे सरकणारा भाग, घट्ट धरलेली असेल तर रिकामे काडतूस बाहेर पडत नाही आणि दुसरी गोळी आपोआप नळीत येत नाही. रिव्हॉल्व्हरचा घोडा, म्हणजे काडतुसावर आदळणारा भाग, आधी मागे ओढलेला नसेल आणि त्याची काडतुसांची फिरती चकरी मुठीत आवळली, तर चाप ओढताच येत नाही. या गोष्टी मी स्वतः निकामी केलेल्या शस्त्रांवर पाहिल्या आहेत. त्यामुळे 'थोतांड' हा शब्द मी वापरणार नाही.

पण आपल्या भागात रोखले जाणारे शस्त्र कोणते, हा प्रश्न शिबिरात कोणी विचारतो का? ग्वाल्हेर, भिंड, मुरैना या पट्ट्यात चोरट्याच्या हाती बहुधा देशी कट्टा असतो. कट्ट्याला स्लाइड नसते आणि चकरीही नसते. लोखंडी नळी, बिजागरी, स्प्रिंगवर चालणारा घोडा आणि .३१५ किंवा १२ बोअरचे एकच काडतूस, एवढाच त्याचा संसार. स्लाइड धरण्याचे जे तंत्र मुलीने दहा वेळा गिरवले, त्याला इथे धरायला जागाच नाही. शिवाय गावठी भट्टीवर घडवलेल्या त्या शस्त्राला चुकून उडू नये म्हणून लागणारी भरवशाची कळ नसते, त्यामुळे झटापटीत कोणी चाप ओढला नाही तरी ते उडू शकते, कधी नळी फुटून धरणाऱ्याचाच हात जातो. एकदा उडाले की ते मोडून, रिकामे टरफल काढून, नवे काडतूस घालेपर्यंत निरुपयोगी असते हे खरे, आणि ही गोष्ट पळणाऱ्याच्या फायद्याची आहे. म्हणजे कट्ट्याच्या रचनेतून काही धडा निघत असेल, तर तो अंतर वाढवण्याचा निघतो. नळी वळवली की गोळी नाहीशी होत नाही, हेही सांगायला हवे. सराफ्यातल्या किंवा दौलतगंजातल्या अरुंद गल्लीत ती कोणाच्या दिशेने वळली? मागे उभ्या असलेल्या धाकट्या भावाच्या?

तीन वर्षांपूर्वी मी माझ्या मोठ्या विद्यार्थ्यांसोबत एक प्रयोग केला. प्लॅस्टिकच्या पिस्तुलाऐवजी रंगपंचमीची छोटी पिचकारी घेतली, तीत लाल पाणी भरले, आणि पिचकारीवाल्याला एवढेच सांगितले की तू पुतळ्यासारखा उभा राहू नकोस. समोरच्याने पांढरा सदरा घालायचा. मुले साधी नव्हती, पाच-सहा वर्षे सराव केलेली होती, त्यांतली दोघे राज्यस्तरावर खेळलेली. पहिल्या फेरीत पिचकारीवाला हात लांब करून उभा राहिला, तेव्हा सदरे बहुतेक कोरे राहिले आणि सगळ्यांना आनंद झाला. दुसऱ्या फेरीत त्याने पिचकारी पोटाशी धरली, जशी खरा चोर शालीखाली धरतो, आणि डाव्या हाताने समोरच्याला ढकलत राहिला. तिसऱ्या फेरीत तो दोन पावले मागे सरकला. चौथ्या फेरीत त्याच्यासोबत एक साथीदार आला, कारण आपल्या रस्त्यांवर चोर मोटारसायकलवर जोडीने येतात. त्या संध्याकाळी कोरा सदरा घालून घरी गेलेला एकही विद्यार्थी मला आठवत नाही. माझ्या सर्वांत चपळ विद्यार्थिनीने पिचकारी हिसकावली होती, अगदी शास्त्रशुद्ध, आणि ती विजयाने माझ्याकडे वळली तेव्हा तिच्या बरगडीवर लाल डाग होता. ती म्हणाली, "सर, मला कळलंच नाही कधी लागलं ते." ते वाक्य मी विसरू शकलेलो नाही. प्रात्यक्षिकात जे वगळलेले असते ते त्या एका वाक्यात आहे.

'पण खऱ्या जगात लोकांनी हे करून दाखवले आहे' हा तंत्रवाद्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. अमेरिकेच्या एफबीआयने २००० ते २०१३ या काळातल्या अंदाधुंद गोळीबाराच्या १६० घटना अभ्यासल्या; त्यांपैकी २१ घटनांत निःशस्त्र नागरिकांनीच हल्लेखोराला आवरले होते. साधारण आठांतून एक, हे प्रमाण क्षुल्लक नाही. २०११ साली टुसॉन येथे हल्लेखोर नवे मॅगझिन भरू लागला तेव्हा लोकांनी त्याला जमिनीवर पाडले. २०१८ साली नॅशव्हिलच्या एका उपाहारगृहात गोळीबार थांबला त्या क्षणी जेम्स शॉ या तरुणाने तापलेली नळी धरून रायफल हिसकावली. २०१५ साली ॲमस्टरडॅमहून पॅरिसला निघालेल्या रेल्वेत हल्लेखोराची रायफल अडकली आणि तीन अमेरिकन मित्रांनी त्याच्यावर झडप घातली. या घटना शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तर मनगटाचा पीळ कुठेच दिसत नाही. दिसतो तो बंदूक थांबल्याचा क्षण, अंगावर झेप घेण्याचा निर्णय, आणि बहुतेक वेळा एकाहून अधिक माणसे. शॉ यांनी असे कोणतेही प्रशिक्षण घेतलेले नव्हते.

आणि मराठी माणसाला यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या त्या रात्री गिरगाव चौपाटीवरच्या नाकाबंदीत सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हातात केवळ लाठी होती. त्यांनी कसाबच्या एके-४७ ची नळी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि पकड सोडली नाही. तेवढ्यात सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत पकडले. सरकारने त्यांना मरणोत्तर अशोकचक्र दिले. आमच्या वादात या घटनेचा वापर दोन्ही बाजूंनी झाला आणि दोन्हीकडून तो मला खटकला. एक जण म्हणाला, बघा, रायफलसुद्धा धरता येते. दुसरा म्हणाला, बघा, धरणारा गेलाच ना! ओंबळे स्वतःचा जीव वाचवण्यासाठी पुढे झाले नव्हते. आपल्या मागे उभ्या असलेल्या सहकाऱ्यांवर गोळ्या जाऊ नयेत आणि तो माणूस निसटू नये, यासाठी ते पुढे झाले, आणि त्या हेतूच्या मापाने पाहिले तर त्यांचे कृत्य पूर्ण यशस्वी आहे. त्याच कृत्याला स्वसंरक्षणाचे माप लावले तर ते फसलेले दिसते. दोन मापांची ही गल्लत, माझ्या मते, साऱ्या वादाच्या मुळाशी आहे. 'तंत्र चालते का' हा प्रश्न 'कोणाचा जीव वाचवायला' हे सांगितल्याखेरीज पुराच होत नाही. पाकिटासाठी कट्टा रोखणाऱ्या चोराला पाकीट हवे असते. तिथे हात चालवणारी मुलगी पाचशे रुपयांच्या बदल्यात प्राण पणाला लावते. जो ठार मारायलाच आला आहे, किंवा मुलीला गाडीत कोंबून नेणार आहे, तिथे मुकाट्याने ऐकण्याचा सल्ला तितकाच घातक आहे, आणि तिथे मी माझ्या विद्यार्थिनींना सांगतो की पळा, ओरडा, आणि दुसरी वाट उरलीच नाही तर दात, नखे, विटेचा तुकडा, जे असेल त्याने झुंजा. 'पाकीट देऊन टाका' म्हणणारे या दुसऱ्या प्रसंगाबद्दल काहीच बोलत नाहीत, हा त्यांच्या भूमिकेतला मोठा दोष आहे.

प्रशिक्षित माणसे प्रत्यक्षात काय करतात, हेही पाहू. ३० मार्च १९८१ रोजी वॉशिंग्टनमध्ये अध्यक्ष रेगन यांच्यावर गोळीबार झाला तेव्हा जगातले निवडक अंगरक्षक त्यांच्याभोवती होते. हल्लेखोराने १.७ सेकंदांत सहा गोळ्या झाडल्या, चार माणसे जखमी झाली आणि त्यानंतरच तो लोकांच्या हाती सापडला. अध्यक्षांना वाचवणाऱ्यांपैकी एकाने त्यांना मोटारीत ढकलले आणि दुसरा गोळीच्या वाटेत स्वतः उभा राहिला. माणसाला झाकणे आणि तिथून हलवणे, हेच त्यांचे शिक्षण होते. अमेरिकेत नागरिकांनाही आधी पळा, मग लपा आणि अगदी शेवटी लढा, असाच क्रम शिकवला जातो. ज्यांचे आयुष्य या कामात गेले त्यांनी जे शेवटी ठेवले, ते आपण बारा वर्षांच्या मुलींना सर्वांत आधी आणि टाळ्यांसह का शिकवतो?

आपल्या इतिहासातला सर्वांत प्रसिद्ध दगाफटक्याचा प्रसंग हेच सांगतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफझलखानाने मिठीत घेऊन वार केला, तेव्हा शिवाजी महाराजांना वाचवले ते आधीच अंगात घातलेल्या चिलखताने. शिरस्त्राण, वाघनखे, बिचवा, भेटीच्या अटी, जंगलात दडवलेली माणसे, सगळे शामियान्यात पाऊल टाकण्यापूर्वी ठरले होते. आणि सय्यद बंडा धावून आला तेव्हा त्याला अडवणारा हात दुसऱ्याचाच होता, म्हणून तर 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण आजही आपल्या तोंडी आहे. आपल्या जुन्या तालमींत बिनोट शिकवत, म्हणजे मोकळ्या हाताने शस्त्रधाऱ्याला आवरण्याची विद्या, आणि तिचा मला अभिमान आहे. परंतु ती सुरी, कट्यार, तलवार यांच्यासाठी घडली. पात्याचा धोका पात्याच्या लांबीइतकाच असतो आणि मागे सरकणाऱ्यापर्यंत ते पोचत नाही. त्या विद्येच्या वारशावर बोट ठेवून गोळीसमोरही हात चालेल असे म्हणणे, हा त्या विद्येचाही मान नव्हे.

दुसरे एक उदाहरण ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला जड जाते, तरी ते लिहितो. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींवर ज्या बेरेटा पिस्तुलातून तीन गोळ्या झाडल्या गेल्या, ते दोनच दिवस आधी याच शहरात मिळवलेले होते. प्रार्थनेला जमलेल्यांची गर्दी होती, अंतर अगदी थोडे होते, मारेकरी तिथल्या तिथे पकडला गेला. पण तोवर तिन्ही गोळ्या लागून गेल्या होत्या. त्या क्षणी तिथे कोणी कितीही निष्णात असता तरी काय करू शकला असता? मात्र त्याच जागी दहा दिवस आधी, २० जानेवारीला, स्फोट झाला होता, मदनलाल पाहवा पोलिसांच्या ताब्यात होता आणि त्याच्या जबाबातून कटातल्या साथीदारांचा माग मिळू लागला होता. न्यायमूर्ती जीवनलाल कपूर आयोगाने पुढे त्या दहा दिवसांतल्या पोलीस तपासाच्या उणिवा तपशिलाने नोंदवल्या. गांधीजींनी झडती नाकारली होती हे खरे, आणि त्यामुळे यंत्रणेचे काम कठीण झाले हेही खरे. तरीही ते पिस्तूल अडवण्याची संधी होती ती त्या दहा दिवसांत होती. शेवटच्या सेकंदात ती उरली नव्हती.

आता आत्मविश्वासाचा मुद्दा. एका विद्यार्थिनीच्या आईने मला विचारले, "सर, तंत्र उपयोगी पडो न पडो, पोरगी ताठ मानेने चालायला लागली, ते थोडं आहे का?" ते थोडे नाही. माझ्या वर्गात खाली मान घालून आलेल्या मुली सहा महिन्यांत मोठ्याने बोलू लागतात हे मी पाहतो आणि त्यासाठीच शिकवतो. मनगट सोडवणे, पडताना डोके वाचवणे, ढकलून पळणे यांनी तो विश्वास येतो आणि तो विश्वास खरा असतो, कारण प्रतिकार करणाऱ्या जोडीदारावर तो तपासलेला असतो. पुतळ्यासारख्या उभ्या मदतनिसाच्या हातून पिस्तूल काढून मिळालेला विश्वास कशावर तपासला? जो प्रशिक्षक मुलीला हे सांगत नाही, तो तिची फसवणूक करतो, भले त्याचा हेतू चांगला असो. अशा शिबिरांत शिकवणारे बरेच जण मेहनती आहेत, त्यांतले काही माझे मित्र आहेत, आणि हे मी त्यांच्यासमोरही बोललो आहे.

आपल्याकडे सामान्य माणसाला गोळी लागते कुठे? वर्तमानपत्र उघडून पाहा. वरातीत, जमिनीच्या भांडणात, पाठीमागून. लग्नातल्या 'हर्ष फायर'मध्ये, म्हणजे आनंदाच्या भरात झाडलेल्या गोळ्यांत, छतावरून वरात पाहणारे मूल मरते, तेव्हा कोणी कोणावर पिस्तूल रोखलेलेच नसते. २०१९ साली शस्त्रास्त्र कायद्यात दुरुस्ती होऊन अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठरली, आणि एका माणसाला ठेवता येणाऱ्या बंदुकांची संख्या तिनावरून दोनावर आली. तरी वरातीतला गोळीबार थांबलेला नाही, कारण खांद्यावरची दुनळी बंदूक हा या भागात अजून प्रतिष्ठेचा दागिना आहे. हे बदलणारच नाही, असे मला सांगितले जाते. याच चंबळच्या खोऱ्यात १९६० साली विनोबांपुढे आणि १४ एप्रिल १९७२ रोजी जौऱ्याला जयप्रकाश नारायण यांच्या उपस्थितीत बागींनी, म्हणजे इथल्या दरोडेखोरांनी, आपल्या बंदुका खाली ठेवल्या. त्यामागे घरोघर फिरणे होते, बोलणी होती, शिक्षेत सवलतीची हमी आणि पुनर्वसनाचे वचन होते, आणि त्यावर टीकाही झाली. पण ज्यांच्या हातातून पोलिसांच्या तुकड्यांना शस्त्र काढता आले नव्हते, त्यांनी ते स्वतः ठेवले, ही वस्तुस्थिती आहे.

म्हणून शिबिर भरवणाऱ्यांना माझी विनंती स्पष्ट आहे. पिस्तुलाच्या प्रात्यक्षिकाचा तास काढून टाका. त्याऐवजी मुलांना शिकवा की आवाज फटाक्याचा की गोळीचा, अशी शंका आली तरी आधी खाली वाकायचे, मग भिंतीमागे जायचे. पत्र्याचे दार किंवा प्लायवूडचे कपाट गोळी थांबवत नाही, विटांची जाड भिंत किंवा मोटारीचे इंजिन आड घ्यायचे. चोराला पाकीट हातात न देता बाजूला फेकायचे आणि उलट दिशेने पळायचे. आणि रक्तस्राव थांबवायला शिकवा. मोठी रक्तवाहिनी तुटली तर माणूस काही मिनिटांत जातो, रुग्णवाहिका तेवढ्यात पोचत नाही. स्वच्छ कापड जखमेत दाबून भरणे आणि दोन्ही तळव्यांनी, हात सैल न सोडता, शरीराचा भार टाकून दाबून धरणे हे दहा वर्षांच्या मुलालाही जमते. पॅरिसच्या त्या रेल्वेत स्पेन्सर स्टोन यांनी हल्लेखोराला आवळले ही गोष्ट सगळे सांगतात. त्यानंतर स्वतः जखमी असताना त्यांनी मानेला गोळी लागलेल्या सहप्रवाशाच्या जखमेत बोटे घालून रक्त थांबवून धरले आणि तो प्रवासी वाचला, हे क्वचितच कोणी सांगते.

तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होईल. आमच्या तालमीतल्या पालकांनी या वर्षी ठरवले आहे की, घरच्या निमंत्रणपत्रिकेवर 'वरातीत बंदूक आणू नये' अशी ओळ छापायची, आणि कोणी आणलीच तर नवरदेवाने घोड्यावरून उतरून उभे राहायचे, वरात पुढे न्यायची नाही. पहिले लग्न माझ्याच पुतण्याचे आहे. त्याच्या सासरच्यांकडे दोन परवान्याच्या बंदुका आहेत, म्हणून मी आणि माझा भाऊ येत्या रविवारी त्यांच्याकडे बोलायला जाणार आहोत.